मातीतलं लोह

वराहपालनाच्या इतिहासात मला, पशुवैद्यकाला, सगळ्यात गंमत वाटते ती मातीची. डुकराचं पिल्लू जेमतेम 50 मिलिग्रॅम लोह घेऊन जन्मतं. रोज लागतं 7, आईच्या दुधातून मिळतं 1. उघड्यावर माती उकरून ते भागवायचं. युरोपात सिमेंटची फरशी आली आणि गुबगुबीत पिल्लं पांढरीफटक पडून हगवणीला बळी जाऊ लागली. 1923 मध्ये स्कॉटलंडात मॅकगोवन आणि क्रायटन यांनी लोहाची उणीव दाखवून दिली. मग कुणी गवताची ढेकळं पिल्लांपुढे टाकी, कुणी हिराकसाचं पाणी डुकरिणीच्या सडांना फासे. स्वस्त, पण भलतंच कटकटीचं! 1950च्या दशकात आयर्न डेक्स्ट्रानचं इंजेक्शन आलं नि ही झंझट संपली.