टॉवरच्या पेटीची किल्ली

माझ्या लहानपणी आमच्या घरी मर्फीचा रेडिओ होता आणि शेजारच्या काकांकडे फिलिप्सचा. सकाळच्या मराठी बातम्या दोन्ही घरांत एकाच क्षणी, एकाच आवाजात लागत. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हापासून आपण एक गोष्ट गृहीत धरत आलो आहोत. पाठवणारं यंत्र एकाचं, ऐकणारं दुसऱ्याचं, आणि दोघांची ओळख असायची गरज नाही. लहर कशी आहे हे जाहीर असलं की झालं.

मोबाइल हाही मुळात रेडिओच. फक्त तो ऐकतो तसा बोलतोही. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी जीएसएमच्या व्यापारी जाळ्यावरून पहिला फोन केला. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना मोबाइल लावला. जीएसएमचे नियम खुले होते. म्हणून आपण कुठल्याही कंपनीचा हँडसेट घेतला तरी तो टॉवरशी बोलतो.

मात्र खुद्द टॉवरवर ही मोकळीक नव्हती. वर अँटेनाजवळ रेडिओची पेटी असते. त्या रेडिओचं गणित सांभाळणारं यंत्र बहुधा खाली कपाटात असतं. या दोघांमधल्या जोडणीसाठी २००३मध्ये एरिक्सन, हुआवे, एनईसी, नॉर्टेल आणि सीमेन्स यांनी मिळून 'सीपीआरआय' नावाचा करार केला. त्यातल्या 'सी'चा अर्थ 'कॉमन', म्हणजे सामाईक. पण बऱ्याच बारीकसारीक बाबी ज्याच्या त्याच्यावर सोडलेल्या होत्या. परिणामी एकाचं कपाट घेतलं की वरची पेटीही त्याच्याचकडून घ्यावी लागे.

पुढे दुकानंही कमी होत गेली. अल्काटेल आणि ल्युसंट २००६मध्ये एक झाल्या. नोकिया आणि सीमेन्स यांनी २००७मध्ये आपले जाळ्यांचे व्यवसाय एकत्र केले. नॉर्टेलनं २००९मध्ये दिवाळखोरी पत्करली, आणि २०१६मध्ये अल्काटेल-ल्युसंट नोकियात विलीन झाली. जुलै २०२०मध्ये ब्रिटिश सरकारनं आदेश दिला, की हुआवेची यंत्रं २०२७च्या अखेरपर्यंत फाइव्ह-जी जाळ्यांतून काढावीत. तेव्हा एका पुरवठादारावर विसंबून राहण्याची किंमत सर्वांना दिसली. एक भाग बदलायचा, तर टॉवरवरचं सगळंच उतरवायचं!

गिऱ्हाइकांनी मात्र त्याआधीच हालचाल केली होती. फेब्रुवारी २०१८मध्ये एटी अँड टी, चायना मोबाइल, डॉयचे टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या पाच सेवा-कंपन्यांनी 'ओ-रॅन अलायन्स' स्थापन केली. पेटी, कपाट आणि त्यामागचं नियंत्रण यांच्यातल्या जोडण्यांचे नियम छापून जाहीर करायचे. कपाटातलं गणित शक्यतो साध्या सर्व्हरवर चालवायचं. आणि प्रत्येक भाग हव्या त्या कारखान्याकडून घ्यायचा. यालाच ओपन रॅन म्हणतात. पुढे नोकिया आणि एरिक्सनही या संस्थेत आल्या.

प्रयोगांचा हिशेब संमिश्र आहे. जपानमध्ये राकुतेननं एप्रिल २०२०मध्ये कोरी पाटी घेऊन जाळं सुरू केलं. त्यात नोकियाचे रेडिओ होते आणि सॉफ्टवेअर अल्टिओस्टारचं. जाळं चाललं, पण राकुतेननं वर्षानुवर्षं मोठा तोटा सोसला. अमेरिकेत डिशनं २०२२मध्ये लास व्हेगासपासून असंच नवं जाळं उभारलं. २०२५मध्ये मात्र तिच्या मूळ कंपनीनं आपल्या लहरींचे परवाने एटी अँड टी आणि स्पेसएक्स यांना विकायचे करार केले. जाळ्याचं तंत्र फसलं म्हणून हे घडलं नाही. कर्ज होतं आणि नियामकाचा दबाव होता. खुद्द एटी अँड टीनं डिसेंबर २०२३मध्ये ओपन रॅनच्याच नावानं १४ अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला, आणि त्यातलं बहुतेक काम एकट्या एरिक्सनकडे गेलं.

असं का व्हावं? फोन मध्येच तुटला तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न फार व्यावहारिक आहे. चार कारखान्यांच्या चार वस्तू असल्या, की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. एकाच दुकानात भांडणं सोपं जातं. खुले नियम दार उघडतात. आत जाण्याचे कष्ट आणि जबाबदारी गिऱ्हाइकालाच घ्यावी लागते.

तरीही ते दार उघडं हवं, असं मला वाटतं. आमच्या घरात दखनी बोलली जाई. मराठी मी शाळेत शिकलो आणि तिच्यात कविता लिहू लागलो. मराठीचं व्याकरण कुणा एका घराच्या कुलपात नव्हतं, म्हणूनच हे शक्य झालं.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचं उद्घाटन झालं. सुमारे ९७,५०० टॉवर, आणि यंत्रणा टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांची. ओपन रॅनचा नमुना म्हणून मी हे सांगत नाही. हे आपल्या, लोकांच्या पैशाचं काम आहे म्हणून सांगतो. उद्या त्यातल्या एखाद्या टॉवरवरची पेटी जुनी झाली, तर तिथे दुसऱ्या कारखान्याची पेटी बसेल का? हा प्रश्न निविदा काढतानाच विचारायला हवा. पेटी वर चढल्यावर तो विचारून उपयोग नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)