केनियातील निवडणूकोत्तर संघर्ष (२००७–०८)

२७ डिसेंबर २००७ रोजी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालावरून केनियात उद्भवलेला हिंसाचार व राजकीय पेच. मतमोजणीच्या सुरुवातीस विरोधी नेते राइला ओडिंगा आघाडीवर होते. ३० डिसेंबरला मात्र निवडणूक आयोगाने विद्यमान अध्यक्ष म्वाई किबाकी यांना सुमारे २ लाख ३२ हजार मतांनी विजयी घोषित केले आणि त्याच संध्याकाळी शपथविधी उरकण्यात आला. संशय बळावला तो मुख्यतः या घाईमुळे. त्यातच शासनाने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. बातम्यांची जागा अफवांनी व मोबाइलवरील द्वेषमूलक संदेशांनी घेतली.

तंट्याची मुळे मतपेटीहून जुनी होती. रिफ्ट खोऱ्यातील जमिनींवरून किबाकी यांची किकुयू जमात व कालेंजिन जमात यांच्यात स्वातंत्र्यापासून धुसफूस होती, तर सत्तेपासून आपल्याला सतत डावलले गेले, अशी ओडिंगा यांच्या लुओ जमातीची भावना होती. १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेटनजीक किआंबा येथे आश्रयास आलेल्या किकुयूंनी भरलेले चर्च पेटवण्यात आले. पुढे नाकुरू व नैवाशा येथे याचा उलट सूड उगवला गेला. हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने १,१३३ मृत्यू नोंदवले (पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेलेही त्यांत थोडे नव्हते). लाखो लोक बेघर झाले.

संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारीला सत्तावाटपाचा करार होऊन ओडिंगा पंतप्रधान झाले. खरा विजेता कोण, हे ठरवणेच अशक्य असल्याचा निष्कर्ष निवडणुकीची चौकशी करणाऱ्या क्रीग्लर आयोगाने काढला. २०१० मध्ये नवी राज्यघटना आली. तिच्या आधारे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षीय निवडणूकच रद्द ठरवून फेरमतदानाचा आदेश दिला.