महागडा लॅपटॉप घेताना : परीक्षा उष्णतेची आणि पडद्याची

लाख-सव्वा लाख रुपये मोजून लॅपटॉप घ्यायला निघालेल्या ग्राहकाचे प्रश्न ठरलेले असतात. प्रोसेसर कोणता, रॅम किती, साठवणक्षमता किती आणि वजन किती? या सर्वांची उत्तरे खोक्यावरच छापलेली असतात. मात्र यंत्र कामाला लागल्यावर किती तापते आणि त्याचा पडदा डोळ्यांना कसा वाटतो, हे कोणत्याही खोक्यावर लिहिलेले नसते. वास्तविक या दोन गोष्टी अशा आहेत, की ज्या खरेदीनंतर सुधारता येत नाहीत. अनेक लॅपटॉपमध्ये साठवणक्षमता पुढे वाढवता येते, बॅटरीही बदलता येते. उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था आणि पडद्याचा दर्जा मात्र पहिल्या दिवशी असतो तसाच शेवटपर्यंत राहतो. त्यामुळे या दोहोंची पारख खरेदीपूर्वी आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी करणे, यातच ग्राहकाचे हित आहे.

उष्णता येते कोठून?

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळपास सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पातळ लॅपटॉपमधील प्रोसेसर साधारणतः १५ ते २८ वॅट शक्तीवर दीर्घकाळ चालतील, अशी त्यांची रचना असते. मात्र काही क्षणांसाठी ते याच्या दुप्पट आणि त्याहूनही अधिक वीज ओढू शकतात. ही उष्णता 'हीट पाइप' या तांब्याच्या पोकळ नळीतून धातूच्या पातळ पात्यांपर्यंत नेली जाते आणि तेथून पंखा ती बाहेर फेकतो. शरीर जितके पातळ, तितकी या पात्यांना आणि पंख्याला जागा कमी.

प्रोसेसरचे तापमान मर्यादेजवळ, म्हणजे बहुतेकदा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की तो स्वतःचा वेग कमी करतो. यालाच 'थ्रॉटलिंग' म्हणतात. हा बिघाड नसून संरक्षणाची सोय आहे. परंतु त्याचा अर्थ असा, की एकाच नावाचा प्रोसेसर दोन वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळे काम देतो. अतिशय पातळ यंत्रात सर्वांत वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घेऊन जादा मोजलेले पैसे अनेकदा वाया जातात. त्या प्रोसेसरला पूर्ण वेगाने धावण्यास तेथे वावच नसतो.

महाग म्हणजे निर्दोष नव्हे

जुलै २०१८ मध्ये अ‍ॅपलने १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये इंटेलचा कोअर आय-९ प्रोसेसर दिला. व्हिडिओच्या कामात हे यंत्र तापून अपेक्षेपेक्षा बरेच मंदावते, असे परीक्षणांतून पुढे आले. उष्णता-नियंत्रण करणाऱ्या फर्मवेअरमध्ये त्रुटी राहिल्याचे कंपनीने त्याच महिन्यात मान्य केले आणि सुधारित सॉफ्टवेअर दिले. त्यापूर्वी जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील सदोष ग्राफिक्स चिपांपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. वारंवार तापण्या-निवण्याच्या चक्रात चिपच्या बांधणीतील कमकुवत साहित्य टिकाव धरत नव्हते.

पडद्याच्या बाबतीतही असेच घडले आहे. २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या पडद्यावर तळाशी उभे उजळ पट्टे दिसणे किंवा मागील प्रकाश पूर्ण बंद पडणे, अशा तक्रारी आल्या. त्यासाठी मे २०१९ मध्ये अ‍ॅपलला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. नामांकित कंपनी आणि मोठी किंमत यांवर विसंबून राहता येत नाही, हाच याचा बोध.

मांडीवर नव्हे, मेजावर

'लॅप' म्हणजे मांडी असली, तरी तापणारे यंत्र तासन् तास मांडीवर ठेवणे योग्य नाही. दीर्घकाळच्या मध्यम उष्णतेने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. २०१० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात स्विस डॉक्टरांनी १२ वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण नोंदवले. अनेक महिने दररोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्याने त्याच्या डाव्या मांडीवर असे डाग पडले होते. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवल्यास तळाची हवेची छिद्रे बंद होतात आणि तापमान आणखी वाढते.

बॅटरीचे तापणे ही याहून वेगळी आणि अधिक गंभीर बाब आहे. बॅटरी अतितापण्याच्या शक्यतेमुळे जून २०१९ मध्ये अ‍ॅपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात प्रामुख्याने विकले गेलेले काही १५ इंची लॅपटॉप बॅटरी बदलण्यासाठी परत मागवले. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने ती यंत्रे विमानप्रवासात नेऊ नयेत, असे प्रवाशांना सांगितले होते. बॅटरी फुगून तळ किंवा कळफलक वर उचलला गेलेला दिसल्यास लॅपटॉप तत्काळ बंद करून सेवा केंद्रात द्यावा.

वातानुकूलित दुकान आणि वैशाखातील घर

अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश असावे, असे सांगते. इतर अनेक कंपन्यांची मर्यादाही याच सुमारास असते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा केवळ पंख्यावर चालणारी खोली ही मर्यादा सहज ओलांडते. खोलीचे तापमान १० अंशांनी वाढले, तर लॅपटॉपच्या आतील तापमानही साधारण तेवढेच वाढू पाहते. ते मर्यादेत ठेवण्यासाठी यंत्र पंखा वाढवते किंवा वेग कमी करते. म्हणूनच २४ अंशांवर ठेवलेल्या दुकानात गार वाटणारा लॅपटॉप घरी आल्यावर निराळा वागतो. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेल्या एम-१ चिपच्या मॅकबुक एअरसारख्या यंत्रांत पंखाच नसतो. लेखन-वाचनासाठी अशी यंत्रे उत्तम आणि नीरव असतात. दीर्घकाळच्या जड कामात मात्र तीही मंदावतात.

पडद्याचे आकडे वाचताना

पडद्याबाबत केवळ इंच आणि रिझोल्युशन पाहून भागत नाही. प्रखरता 'निट्स'मध्ये मोजतात. २५० निट्सचा पडदा खिडकीजवळ फिका वाटतो, मोठी किंमत मोजताना ४०० निट्सची अपेक्षा धरणे रास्त आहे. चकचकीत काचेत दिव्यांचे प्रतिबिंब दिसते, तर मॅट पडद्यात ते कमी असते. रंगांच्या बाबतीत '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिले असेल, तर रंग निस्तेज असणार, असे समजावे. '१०० टक्के एसआरजीबी' असेल, तर छायाचित्रांचे सर्वसाधारण काम समाधानकारक होते.

सध्या लोकप्रिय असलेल्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो. त्यामुळे काळा रंग खराखुरा काळा दिसतो. परंतु अनेक ओएलईडी पडदे प्रखरता कमी करण्यासाठी अतिवेगाने उघडझाप करतात आणि काहींना त्याने डोकेदुखी किंवा डोळ्यांवर ताण जाणवतो. शिवाय एकच स्थिर चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याची पुसट खूण कायम उमटू शकते. दिवसभर हिशेबाचे तक्ते उघडे ठेवणाऱ्याने याचा विचार करावा.

आणखी एक बाब म्हणजे, एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या पुरवठादारांचे पडदे असू शकतात. दुकानात मांडलेला नमुना आणि घरी आलेला लॅपटॉप यांत त्यामुळे फरक पडतो.

पहिल्या आठवड्यातील तपासणी

परतीची मुदत अनेकदा जेमतेम आठवड्याची असते. त्या अवधीत पुढील तपासण्या घरच्या घरी करता येतात.

- पहिल्या दिवशी सर्व अपडेट पूर्ण होऊ द्यावेत. त्या काळात पंखा अधिक चालणे स्वाभाविक असते, म्हणून उष्णतेची चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यावी.
- नेहमीच्या खोलीत, मेजावर, चार्जर लावून 'सिनेबेंच'सारखी विनामूल्य चाचणी अर्धा तास चालवावी. सुरुवातीचे आणि शेवटचे गुण ताडून पाहावेत. थोडी घट अपेक्षितच असते, गुण निम्म्यावर आले तर शंकेस जागा आहे.
- त्याच वेळी कळफलकावर आणि तळहात टेकतात त्या भागावर हात ठेवून पाहावा. तेथे हात ठेवणे असह्य होत असेल, तर ते यंत्र रोजच्या कामास योग्य नाही.
- लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे एकरंगी चित्र पूर्ण पडद्यावर आणून मृत ठिपके शोधावेत. १९२० बाय १२०० च्या पडद्यावर २३ लाखांहून अधिक ठिपके असतात. एका-दोघांच्या दोषासाठी कंपनी पडदा बदलून देईलच असे नाही, म्हणून तिचे धोरण आधी वाचावे.
- एलसीडी पडदा असल्यास अंधाऱ्या खोलीत काळे चित्र ठेवून कडांतून प्रकाश झिरपतो का, ते पाहावे.
- प्रखरता कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडदा पाहावा. सरकणारे काळे पट्टे दिसल्यास उघडझाप आहे, असे समजावे.

दोष आढळल्यास

खोके उघडतानाचे चित्रीकरण, पावती आणि चाचण्यांची छायाचित्रे जपून ठेवावीत व तक्रार मुदतीतच लेखी करावी. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असून पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.

वेगाचे आकडे दरवर्षी बदलतात आणि वर्षभरात जुनेही होतात. परंतु हाताखाली जाणवणारी उष्णता आणि डोळ्यांसमोरचा पडदा यांच्याशी पुढील पाच-सहा वर्षे रोज गाठ असते. त्यांच्या तपासणीसाठी दिलेली एक संध्याकाळ ही या खरेदीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लाभदायक गुंतवणूक ठरते.