ख्रिस्ती श्रद्धेची कसोटी रविवारनंतरच्या सहा दिवसांत

ख्रिस्ती धर्म म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाताळचा तारा, गोठ्याचा देखावा आणि मध्यरात्रीची मिस्सा उभी राहते. सण हा कोणत्याही धर्माचा दर्शनी भाग असतो. परंतु सण आटोपल्यावर, कार्यालय, बाजार, शेजार आणि घर यांच्या धबडग्यात ख्रिस्ती माणसाला त्याची श्रद्धा नेमके काय करायला सांगते, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात यासाठी दोन शब्द रूढ आहेत. कॅथलिक मंडळी प्रामुख्याने 'श्रद्धा' म्हणतात, तर प्रॉटेस्टंट परंपरेत 'विश्वास' हा शब्द अधिक ऐकू येतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'पिस्तिस' असा आहे. त्यात एखादी गोष्ट खरी मानणे, कोणावर तरी भरवसा टाकणे आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहणे, या तिन्ही छटा आहेत. म्हणूनच धर्मतत्त्वे मान्य असणे एवढ्यावर ख्रिस्ती श्रद्धा पूर्ण होत नाही. याकोबाच्या पत्रात याविषयी रोखठोक भूमिका आढळते. उपाशी आणि उघड्या माणसाला काहीही न देता केवळ शुभेच्छा देऊन वाटेला लावणारी श्रद्धा ही मृत श्रद्धा होय, असा त्याचा आशय आहे.

श्रद्धा मोठी की सत्कृत्ये, या वादाने सोळाव्या शतकात युरोपातील चर्च दुभंगले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्युथरन चर्चने संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. तारण ही देवाची कृपा आहे, ते माणसाची कमाई नव्हे; मात्र त्या कृपेचे फळ आचरणात दिसलेच पाहिजे, असा या जाहीरनाम्याचा सारांश सांगता येईल.

दिवसाची चौकट

रोजच्या जीवनात श्रद्धेचे पहिले रूप म्हणजे प्रार्थना. सकाळी उठल्यावर, जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी प्रार्थना करण्याची प्रथा अनेक ख्रिस्ती घरांत आहे. वसई परिसरातील आणि मुंबईच्या गावठाणांतील कॅथलिक कुटुंबांत संध्याकाळी एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना करण्याची परंपरा जुनी आहे. मे आणि ऑक्टोबर हे महिने मरियामातेच्या भक्तीसाठी विशेष मानले जातात. मुंबईत जागोजागी दिसणारे अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. मृत्यू दाराशी आला असताना शेजाऱ्यांनी एकत्र येऊन केलेल्या प्रार्थनेची ती खूण आहे.

प्रॉटेस्टंट कुटुंबांत बायबलचे नित्य वाचन आणि उत्स्फूर्त प्रार्थना यांना महत्त्व असते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर रचलेली भजने मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. त्याआधी जवळजवळ तीन शतके, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापले गेले होते. येशूचे चरित्र ओवीत ऐकण्याची मराठी मनाची सोय या ग्रंथाने केली.

आठवडा आणि पंगत

आठवड्याचा केंद्रबिंदू रविवार. कॅथलिकांसाठी रविवारची मिस्सा बंधनकारक आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासना, प्रवचन आणि ठरावीक दिवशी प्रभुभोजन असते. विधींचे तपशील वेगळे असले तरी एकच भाकर वाटून घेणे, हा दोहोंचा समान गाभा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि मिस्सा मराठीत होऊ लागली. १९६९ मध्ये भारतातील चर्चला काही देशी रूपे स्वीकारण्याची मुभा मिळाली. त्यामुळे ख्रिस्तप्रसादापूर्वी एकमेकांना शांती देताना हात जोडून नमस्कार करण्याची पद्धत येथे रूढ झाली.

हा नमस्कार वरवर औपचारिक वाटतो. पण त्यामागे कठोर अट आहे. वेदीवर अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, अशी येशूची शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. साहजिकच, बांधावरून किंवा वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून अबोला धरलेल्या भावंडांना रविवारचा तो नमस्कार दर आठवड्याला अडचणीत टाकतो.

एका पंगतीचा अर्थ सामाजिकही आहे. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या स्त्रीच्या मनातून जातिभेद गळून पडण्याचा प्रवास वाचायला मिळतो. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, यासारख्या रोजच्या प्रश्नातच तेथे श्रद्धेची परीक्षा होते. अर्थात, सगळ्यांनी ती परीक्षा दिली असे नाही. भारतातील चर्चमध्येही जातीच्या भिंती टिकून राहिल्या. काही ठिकाणी दफनभूमीतही भेद पाळला गेला. दलित ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी याविरुद्ध वारंवार आवाज उठवला आहे. एका भाकरीत सहभागी होणाऱ्यांनी चर्चबाहेर पडताच पुन्हा वेगळे व्हावे, ही श्रद्धेशी उघड विसंगती आहे.

वर्षातील शिस्त

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो. ईस्टरपर्यंतच्या या काळातील रविवार वगळले तर दिवस ४० भरतात. कॅथलिक नियमांनुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास सक्तीचा आहे. १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पदार्पण होईपर्यंत हा नियम लागू होतो. या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा अल्पाहार घेता येतो.

तथापि, उपवास हा केवळ पोटाचा विषय नाही. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे मानली जातात. ताटातून जे वगळले, ते उपाशी माणसाच्या ताटात पडावे, अशी त्यामागची कल्पना आहे. याच भावनेतून फ्रेडरिक ओझानम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा भारतातील अनेक धर्मग्रामांत काम करतात. गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जाऊन विचारपूस करणे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य आहे. अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, देवकार्यासाठी बाजूला ठेवतात.

सर्वांत अवघड अट

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना सर्व पंथांत म्हटली जाते. त्यात देवाकडे क्षमा मागताना, आम्हीही इतरांना क्षमा केली आहे, असे सांगावे लागते. दररोज तोंडपाठ म्हटल्या जाणाऱ्या या प्रार्थनेतील ही अट पाळायला सर्वांत कठीण आहे.

ती किती दूर नेऊ शकते, याची दोन उदाहरणे भारताने पाहिली आहेत. ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन मुले यांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर येथे जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या. मात्र, क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम यांची गल्लत करू नये, हेही त्यांनी स्पष्ट केले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील. शेतमजूर आणि आदिवासींमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंग याला राखी बांधली. राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे धन्य घोषित करण्यात आले.

ही उदाहरणे असामान्य आहेत आणि प्रत्येकाकडून तशी अपेक्षा करता येणार नाही. क्षमेचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसणे असाही नाही. सूडाला आपल्या मनाचा ताबा न देणे, एवढा तिचा किमान अर्थ आहे. तो घरातल्या भांडणालाही लागू पडतो.

शंका आणि निष्ठा

श्रद्धावान माणसाला शंका येत नाही, हा गैरसमज आहे. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. अनेक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, अंतःकरणात अंधार होता, असे त्यातून उघड झाले. तरीही त्यांची प्रार्थना आणि रुग्णांची सेवा थांबली नाही. चर्चने २०१६ मध्ये त्यांना संतपद दिले.

'पिस्तिस' शब्दातील एकनिष्ठेची छटा येथे उमगते. मनात भक्तीचा उमाळा असो वा नसो, कबूल केलेले काम सोडायचे नाही, ही ती निष्ठा. रात्रपाळीतील परिचारिका, हिशेबात खोटी नोंद करायला नकार देणारा कारकून, अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा करणारी सून यांच्या श्रद्धेची नोंद कोणत्याही सणाच्या छायाचित्रात होत नाही. ख्रिस्ती शिकवणुकीनुसार देव मात्र तीच नोंद आधी पाहतो.