दुरुस्तीतून आलेली नादुरुस्ती : आटपाडीच्या दप्तराच्या अनुषंगाने

समाजाच्या नित्य व्यवहारात खंड पडण्याची कारणे म्हणून इतिहासकार सामान्यतः दुष्काळ, साथीचे रोग, युद्ध आणि राज्यांतर यांची गणना करतात. माणदेशासारख्या अवर्षणप्रवण मुलखाचा अभ्यास तर पर्जन्याच्या आकड्यांपासूनच सुरू होतो. तथापि व्यवहार अडण्याचे आणखी एक कारण आहे व त्याची चर्चा फारशी होत नाही. ते कारण म्हणजे व्यवहार सुधारण्यासाठी केलेली दुरुस्तीच होय. येथे हेतू चांगला असतो, योजनाही बहुधा विचारपूर्वक आखलेली असते. परंतु दुरुस्तीतच दोष राहून जातो आणि त्याचा भार तिच्याशी काही संबंध नसलेल्या माणसावर पडतो. अशा वेळी हानी कोठे थांबते आणि ती भरून काढण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी एक जागतिक घटना प्रथम पाहून नंतर आटपाडी परिसराच्या दप्तराकडे वळणे सोयीचे होईल.

शुक्रवार, दि. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या संरक्षक सॉफ्टवेअरसाठी एक अद्ययावत फाइल जगभर पाठविली. हे सॉफ्टवेअर विंडोज प्रणालीच्या अगदी गाभ्याशी काम करीत असल्याने त्यातील चूक संपूर्ण यंत्र बंद पाडू शकते, आणि झालेही तसेच. नव्या रचनेत माहितीचे २१ रकाने गृहीत धरले होते, तर यंत्रावरील कार्यक्रम २० रकानेच पुरवीत होता. एकविसावा रकाना वाचण्याच्या प्रयत्नात यंत्र कोसळे, पुन्हा सुरू होई आणि पुन्हा कोसळे. फाइल पाठविण्यापूर्वी तिची तपासणी करणारी एक व्यवस्था होती. पण त्या तपासनिसातही दोष असल्याने चूक तिच्या हातून निसटली. ७८ मिनिटांनी, म्हणजे १० वाजून ५७ मिनिटांनी, कंपनीने ती फाइल मागे घेतली. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे बाधित झाली होती. विशेष हे की, ही संख्या विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी होती. विमानतळ, रुग्णालये, बँका यांसारख्या सार्वजनिक व्यवहाराच्या नाक्यांवर ही यंत्रे बसलेली असल्यामुळेच एवढ्या थोड्या अंशाने एवढा गोंधळ उडाला.

भारतात याचा सर्वांत ठळक परिणाम हवाई वाहतुकीवर दिसला. अकासा एअरने मुंबई व दिल्ली विमानतळांवरील आपल्या काही संगणकीय सेवा तात्पुरत्या बंद असल्याचे कळवून प्रवाशांची नोंदणी हाताने सुरू केली. इंडिगोच्या काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत १० बँका व बिगर-बँक वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा झाल्याचे आढळले. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या जाळ्यास मात्र बाधा पोहोचली नसल्याचे केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर केले. बिघडलेली यंत्रे पूर्ववत करण्याचे काम दुरून होण्याजोगे नव्हते. बहुतेक ठिकाणी जाणकार माणसाने प्रत्यक्ष यंत्राजवळ बसून ते विशिष्ट रीतीने सुरू करावयाचे आणि दोषी फाइल काढून टाकावयाची, असा क्रम होता. म्हणजे चूक सर्वत्र एका क्षणात गेली, तर तिची दुरुस्ती एकेका यंत्रापाशी पायी चालत गेली. सुमारे ९७ टक्के यंत्रे पूर्ववत होण्यास २५ जुलै उजाडला.

आता आटपाडीकडे वळू. पूर्वी हा भाग औंध संस्थानात मोडत असे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ साली प्रजेला जी राज्यघटना दिली, तिचा पाया ग्रामपंचायत हा होता; गावच्या प्रश्नाचा निकाल शक्यतो गावातच लागावा ही तिच्यामागील भूमिका होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ साली स्थापन झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. याप्रमाणे सुमारे बारा वर्षांच्या अवधीत राज्य पालटले आणि जिल्ह्याचे नावही बदलले. याच अवधीत नाणी, वजने व मापे बदलण्याचे देशव्यापी काम सुरू झाले, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच अधिक उद्बोधक आहे.

दि. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. या बदलात एक दोष अटळ होता. एका आण्याचे मूल्य सव्वासहा नवे पैसे भरते आणि पाव पैशाचे नाणे तर नाही. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्यास ६, दोन आण्यांस १२, तीन आण्यांस १९ आणि चार आण्यांस २५ नवे पैसे असे पूर्णांक धरले गेले. परिणामी एकेक आणा करून सोळा वेळा व्यवहार केल्यास रुपयाचे ९६ नवे पैसेच हाती येत. तोटा क्षुल्लक खरा. पण ज्याचा सारा बाजार आण्या-दोन आण्यांचा, त्याच्याच वाट्याला तो येणार होता. असे असूनही व्यवहार ठप्प झाले नाहीत. जुनी नाणी नव्यांच्या बरोबरीने चालू ठेवण्यात आली होती, चवली-पावलीचा हिशेब लोकांना तोंडपाठ होता, आणि शंका आल्यास दुकानदार व गिऱ्हाईक यांना ती जागच्या जागी सोडविता येत होती. ‘नवा’ हे विशेषण तर १९६४ साली, म्हणजे लोकांची सवय मोडल्यावर, गळून पडले. वजनांच्या बाबतीतही शेर-मणांची जागा किलोग्रॅमने घ्यावी यासाठी १९५८ पासून टप्प्याटप्प्याने प्रदेश व व्यवसाय निवडण्यात आले. सारा देश एका सकाळी नव्या तागडीपुढे उभा केला गेला नाही.

जुने माप बोलीत किती चिवटपणे टिकते याचे प्रत्यंतर आटपाडीसारख्या तालुक्यात विशेष येते. पीक किती आले याचा सरकारी अंदाज पूर्वी आण्यांत मांडला जाई व तीस आणेवारी म्हणत. दप्तरात तिची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानली जाऊ लागली. परंतु शेतकऱ्याच्या तोंडी आणेवारी हाच शब्द राहिला. जमिनीचेही तसेच. कागदावर हेक्टर व आर, तर बांधावर एकर व गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि शंभर आरांचा हेक्टर. एक हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. ज्याला दोन्ही कोष्टके येतात त्याला नोंदीतील विसंगती चटकन दिसते. बोलीतील हे जुने माप मागासलेपणाचे लक्षण समजले जाते. वस्तुतः ते पडताळ्याचे साधन आहे.

या साधनाची खरी कसोटी सातबाऱ्याच्या संगणकीकरणात लागली. हस्तलिखित गावनमुना सात व बारा संगणकावर उतरविताना नावातील अक्षर, गटाचा क्रमांक, क्षेत्रातील दशांश-चिन्ह किंवा हिस्सा यांत चूक होणे शक्य होते व राज्यात अनेक ठिकाणी ती झाली. सातबाऱ्यावरील चूक म्हणजे नुसता लेखनदोष नव्हे. पीककर्ज, वारसनोंद, खरेदीखत, नुकसानभरपाई ही सर्व त्या एका कागदावर अवलंबून असतात. पेरणीच्या तोंडावर क्षेत्र कमी दिसले तर शेतकऱ्याचा हंगाम अडतो, आणि पाऊस त्याच्या अर्जाच्या निकालासाठी थांबत नाही. हे ओळखून शासनाने २०१७ साली चावडीवाचनाची मोहीम घेतली. संगणकावरील नोंदी गावात सर्वांसमक्ष वाचून दाखवावयाच्या, मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहावयाच्या आणि आक्षेप नोंदवावयाचे, अशी ती योजना होती. दि. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. तरीही राहून गेलेली चूक सुधारण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ चा मार्ग धरावा लागतो. त्यास अर्ज, चौकशी व आदेश यांची वाट पाहणे आलेच.

येथे जुन्या दप्तराचा गौरव करण्याचा हेतू नाही. हस्तलिखिताच्या काळी उताऱ्यासाठी तलाठ्याची गाठ पडेपर्यंत हेलपाटे घालावे लागत. खाडाखोड व विलंब यांच्या तक्रारी त्या काळीही होत्या. घरबसल्या मिळणारा उतारा ही शेतकऱ्याची खरी सोय आहे. परंतु जुन्या दप्तरातील चूक एका गावाच्या वहीत राही. ती कोणाच्या हातून झाली हे अक्षरावरून कळे आणि तिचे साक्षीदार शेजारच्या बांधावर भेटत. नव्या व्यवस्थेत चूक करणारा हात दिसत नाही. ‘सर्व्हर बंद आहे’ हे वाक्य सांगणारा कर्मचारी आणि ते ऐकणारा शेतकरी हे दोघेही त्या बंद पडण्याच्या कारणाशी सारखेच अपरिचित असतात. दिवस मात्र शेतकऱ्याचा जातो.

या प्रसंगांच्या तुलनेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बदल टप्प्याने झाला तर त्यातील दोष थोड्या जागी प्रकट होतो. १९५८ नंतरच्या वजनमापांच्या योजनेत हे तत्त्व होते; २०२४ च्या त्या फाइलीच्या बाबतीत ते नव्हते, व घटनेनंतर संबंधित कंपनीने तेच स्वीकारले. दुसरी, जुने साधन काही काळ शेजारी ठेवल्यास व्यवहार अडत नाही. १९५७ मध्ये आणा होता, तर २०२४ मध्ये विमानतळावर अखेर कागद आणि लेखणी होती. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, चूक ओळखण्याचे ज्ञान आणि ती सुधारण्याचा अधिकार ही दोन्ही जवळजवळ असावी लागतात. चावडीवाचनाने ज्ञान गावात आणले. अधिकार मात्र बव्हंशी तालुक्याच्या कचेरीत राहिला.

दुरुस्तीचा इतिहास लिहिताना तिची घोषणा कोणी व केव्हा केली एवढे नोंदवून भागणार नाही. ती बिघडली तेव्हा कोण खोळंबले, किती काळ खोळंबले, आणि त्यांच्या हाती कोणते जुने साधन उरले होते, हेही पाहिले पाहिजे. ही माहिती मंत्रालयाच्या अहवालांत क्वचितच सापडते. ती अर्जांच्या गठ्ठ्यांत, फेरफाराच्या नोंदींत आणि लोकांच्या स्मरणात विखुरलेली आहे. आटपाडी तालुक्यातील एखाद्या गावाचे हस्तलिखित सातबारे आणि आजचे उतारे शेजारी ठेवून नोंदवार ताडून पाहिल्यास या दिशेने भरीव काम होईल. जुन्या वह्या जीर्ण होत आहेत आणि गुंठ्याचे कोष्टक तोंडपाठ असणारी पिढीही उतरत चालली आहे. म्हणून हे काम लवकर हाती घेणे अगत्याचे आहे.