हिरवळ राखणारे हात

चैत्र लागला की आपल्या भीमाकाठची जमीन तापू लागते आणि बागांतील, बंगल्यांपुढील हिरवळीचा रंग उडू लागतो. अशा दिवसांत दौंडसारख्या गावी हिरवळीवर बोलणे ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आम्ही आयुष्यभर मजुरीचे हिशेब मांडत आलो. हिरवळीचाही एक हिशेब आहे, आणि तो अद्याप पुरता चुकता झालेला नाही.

गवत कापून गालिच्यासारखे राखावयाचे, ही हौस इंग्लंडातून आली. तेथे ऊन सौम्य आणि पाऊस वर्षभर थोडाथोडा. वसंतात गवत भराभर वाढते. पूर्वी मजूर लांब दांड्याच्या विळ्यांनी ते कापीत. १८३० साली ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याला हे सुचले ते लोकरी कापडावरील तंतू कातरणाऱ्या यंत्रावरून. म्हणजे बागेतले हे यंत्र मुळात कापडगिरणीचे लेकरू आहे.

इंग्रजांबरोबर ही हौस आपल्याकडील छावण्यांत आणि जिमखान्यांत आली. येथे माणसाचे श्रम फार स्वस्त होते. किती स्वस्त, ते बाळू पालवणकर यांच्या चरित्रावरून कळते. १८७६ साली जन्मलेले हे चर्मकार समाजातील गृहस्थ पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडीत, रूळ फिरवीत. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेथे चार रुपये मिळू लागले. मैदान राखता राखता साहेबांना गोलंदाजी करून ते थोर गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले, पण चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. पुढे ते रेल्वेत नोकरीस होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. ज्या हातांनी मैदान राखले, त्या हातांना त्या मैदानावर मान मिळावयास एवढा काळ लागला!

आता आपल्या हिरवळीकडे वळू. ती बहुधा हरळीची असते. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतकरी पिकातून कष्टाने खणून काढतो ती हरळीही हीच. एकच गवत, देवापुढे पवित्र, शेतात वैरी, बंगल्यापुढे शोभा. थंडीत ते पिवळे पडते आणि वसंतात पुन्हा फुटू लागते. त्या वेळी वाळलेला थर खुरप्याने खरवडावा, चाळलेली माती व कुजलेले खत पातळ पसरावे, लव्हाळा गाठीसकट उपटावा. उन्हाळ्यात गवत अगदी जमिनीलगत कापू नये. उघडी पडलेली मुळे करपतात. पाणी सकाळी लवकर द्यावे. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात.

हे नियम सांगावयास सोपे आहेत. परंतु उकिडवे बसून, डोक्यावर ऊन घेत लव्हाळा काढणारी बाई बहुधा रोजंदारीवर असते. आणि पाण्याचे काय? खडकवासल्याचा उजवा कालवा पुण्यातून वाहत आपल्या तालुक्यात येतो. शहर आणि शेत यांचा एकाच पाण्यावर हक्क आहे, आणि उन्हाळी आवर्तनाची वाट पाहणे म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्याला सांगावयास नको. तेव्हा जेवढी हिरवळ आपल्या सांडपाण्यावर जगेल तेवढीच राखावी, असे आम्हांस वाटते.

हिरवळ नको, असे आमचे म्हणणे नाही. कामावरून थकून आलेल्या माणसाला आणि त्याच्या मुलांना घटकाभर बसावयास हिरवी जागा हवीच. मात्र तिची किंमत मोजताना खुरपे धरणाऱ्या हातांची वाजवी मजुरी, त्यांना सावली आणि पिण्याचे पाणी, हे प्रथम मोजावे. आणि संध्याकाळी त्या हिरवळीवर बसावयाची मुभा त्या बाईलाही असावी. मग हा हिशेब चुकता झाला, असे आम्ही म्हणू.