भिंत नसलेला तुरुंग आणि हजेरीची वही

विट्याहून पूर्वेला निघालं की भिवघाट, करगणी करत रस्ता आटपाडीला पोचतो. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. आज ही वाट सांगली जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यातच जाते. पण १९४८ पूर्वी या वाटेवरचा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा. विटा हे ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं ठिकाण होतं, आणि आटपाडी औंध संस्थानात होती. मुलूख एकच, कुसळांचा. ज्वारी-बाजरी, मेंढरं, आणि पाऊस आला तर आला.

या हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच काळात, माणसाला मोकळं सोडण्याचे आणि बांधून ठेवण्याचे काही प्रकार शेजारी-शेजारी चालू होते. त्यांतला एक प्रकार जगभर गाजला. बाकीच्यांची नोंद आपण सहसा त्याच्या शेजारी ठेवत नाही. ती ठेवून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. विट्यात सुताच्या पेढीवर हिशेब लिहिता लिहिता वाचनाची सवय लागली. या विषयाकडे वळायचं कारण मात्र घरातलंच. माझ्या आजोबांचं नाव गावच्या चावडीवरच्या हजेरीच्या वहीत होतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

औंधचा प्रयोग

औंध हे ७२ गावांचं आणि सुमारे पाऊण लाख वस्तीचं संस्थान. तेही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळचा तुकडा थेट विजापूरच्या बाजूला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून आणि चित्रकार म्हणून महाराष्ट्राला माहीत आहेत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा देऊन कारखाना उभारायला त्यांनीच मदत केली होती. त्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी दरोडेखोर म्हणून नाव झालेल्या माणसांनाच रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं होतं. ज्याची भीती त्याच्याच हाती किल्ली द्यायची, ही गोष्ट या मुलखात स्वतंत्रपूरच्याही आधी घडलेली आहे.

१९३८च्या नोव्हेंबरात राजांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. राजपुत्र अप्पासाहेब पंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. ते आणि मॉरिस फ्रिडमन सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, तिथे घटनेचा आराखडा ठरला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना अमलात आली. रचना खालून वर जाणारी होती. आधी गावाची पंचायत, पंचायतींमधून तालुक्याची सभा, आणि तिथून संस्थानची विधानसभा. गावाने आपलं गावापुरतं पाहावं, आपलं धान्य, आपलं कापड, आपला न्यायनिवाडा आपणच करावा, अशी ती कल्पना होती. ८ मार्च १९४८ला संस्थान विलीन झालं आणि नऊ वर्षांचा हा प्रयोग संपला.

फ्रिडमन हे मूळचे पोलंडचे ज्यू. १९०१ साली वॉर्सा इथे जन्मलेले इंजिनिअर. बंगळुरूचा सरकारी विजेच्या सामानाचा कारखाना चालवायला ते हिंदुस्थानात आले आणि इथलेच झाले. भारतानंद हे नाव घेतलं, भगवी वस्त्रं घातली, सूतकताईसाठी धनुष तकली तयार केली. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत आणणारे तेच. औंधच्या तुरुंगातले कैदी पाहून या माणसाला प्रश्न पडला. यांना भिंतीआड बसवून खाऊ घालण्यापेक्षा जमीन दिली तर काय होईल?

स्वतंत्रपूर

१९३९च्या सुमारास आटपाडीजवळच्या माळावर ही वसाहत सुरू झाली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. तुरुंगाला असं नाव देताना राजाच्या दरबारातले लोक हसले असतील की घाबरले असतील, कोण जाणे. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं जमीन कसतात, बायकापोरांना सोबत ठेवतात आणि शिक्षा भोगतात. ही वसाहत आजही आहे. राज्याच्या कारागृह विभागाच्या ताब्यात आहे. लांबच्या शिक्षेचे, वागणूक चांगली असलेले कैदी निवडून तिथे आणले जातात.

बाहेरच्या जगाला स्वतंत्रपूर कळलं ते सिनेमामुळे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. ते आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले आणि औंध संस्थानातच वाढलेले. त्यांना ही गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही. चित्रपटात सहा कैदी आहेत आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे जेलरचे दोन डोळे आहेत. लोकांच्या लक्षात ते डोळेच राहिले. माणूस सुधारतो तो सज्जन माणसाच्या नजरेमुळे, असा अर्थ आपण त्यातून घेतला.

मला वाटतं, वसाहतीचं खरं बळ त्या नजरेत नव्हतं. कैद्याच्या हातात तीन गोष्टी आल्या होत्या: कसायला जमीन, सोबतीला कुटुंब, आणि पिकवलेल्या मालावर थोडाफार हक्क. पळून जायला माळ मोकळा होता. पण पळालं की या तिन्ही गोष्टी जाणार. भिंतीचं काम या तीन गोष्टी करत होत्या. माणदेशातल्या माळावर पीक काढणं म्हणजे काय, हे ज्याने विहिरीचा तळ पाहिला आहे त्याला सांगायला नको. असं उभं केलेलं पीक कुणी सहज टाकून जात नाही.

त्याच आटपाडीतला तराळ

आता त्याच आटपाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. शंकरराव खरात तिथलेच. जन्म १९२१चा. वडील गावकीचं काम करणारे महार. खरात पुढे वकील झाले, लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘तराळ-अंतराळ’. तराळ म्हणजे पाळीने गावकीच्या कामावर असलेला महार. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, अंमलदाराचं सामान न्यायचं, मयताची खबर द्यायला रात्री-अपरात्री निघायचं. मोबदला म्हणजे वतनाची जमीन आणि दारोदारची भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती.

ज्या स्वावलंबी गावाच्या हाती औंधने स्वराज्य दिलं, ते गाव अशा माणसांच्या पायांवर चालत होतं. गाव आपलं आपण भागवत होतं, कारण काही माणसांना स्वतःचं काहीच भागवता येत नव्हतं. औंधच्या घटनेवर कौतुकाने लिहिताना हे सांगायचं राहून जातं. डॉ. आंबेडकर महार वतनाविरुद्ध १९२०च्या दशकापासून लढत होते. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. म्हणजे हिशेब असा लागतो: आटपाडीच्या माळावर खुनी माणसाला स्वतःसाठी राबण्याची मोकळीक मिळाली ती १९३९च्या सुमारास, आणि त्याच तालुक्यातल्या निरपराध तराळाला मिळाली ती जवळजवळ वीस वर्षांनी. राजा भला होता, यात मला शंका नाही. पण भल्या राजाला तुरुंगाची भिंत दिसली आणि गावकीची दिसली नाही.

हजेरीची वही

हद्दीच्या अलीकडे, आमच्या ब्रिटिश मुलखात, तिसरा प्रकार चालू होता. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. जमातच गुन्हेगार ठरवली की तिच्यात जन्मलेलं मूलही त्यात आलं. सोलापूरला अशा जमातींसाठी काटेरी तारांच्या कुंपणाची वसाहत होती. गावोगाव हजेरी होती. ठरल्या वेळी चावडीवर जाऊन नाव सांगायचं, परगावी जायचं तर परवाना घ्यायचा. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ या १९५९च्या कादंबरीत या हजेरीचा जाच आहे. वाचकांनी तो कादंबरीतला प्रसंग म्हणून वाचला असेल. आमच्या घरात तो आठवण म्हणून वाचला गेला.

आजोबांनी आयुष्यात चोरी केली नव्हती. बहिणीच्या लग्नाला पलीकडच्या गावी एक रात्र जास्त राहिले म्हणून त्यांना चावडीवर दिवसभर उन्हात बसवलं होतं. ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही माझ्या वडिलांना. मला ती वडिलांकडून कळली. देशाला स्वातंत्र्य १९४७ साली मिळालं, पण आजोबा स्वातंत्र्याचा विषय निघाला की “हजेरी गेली तवा” असंच म्हणायचे. तो कायदा स्वातंत्र्यानंतर प्रांताप्रांतातून जात शेवटी ३१ ऑगस्ट १९५२ला देशभरातून रद्द झाला.

हिरवळीभोवतीचं कुंपण

हा प्रश्न आपल्याच कोरड्या मुलखाचा आहे असं समजू नये. माझा भाचा शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. स्वतःचं घर, मागे-पुढे हिरवळ, स्वतः रंग लावतो, स्वतः नळ दुरुस्त करतो. हाताने जगण्याचा त्याला अभिमान आहे, आणि तो खराच आहे. पण एकदा फोनवर म्हणाला, “मामा, अंगण माझं, पण दोरीवर कपडे वाळत घालायची बंदी. कोंबड्या पाळायच्या नाहीत. गवत वाढलं तर दंड.”

मी थोडं वाचून पाहिलं. जमिनीच्या वापरावर गावाने अशी बंधनं घालावीत की नाही, हा वाद १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या उपनगरातून, आणि न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. पण त्याहून जड बंधन घरांच्या करारपत्रांत असायचं. हे घर काळ्या माणसाला द्यायचं नाही, असं लेखी कलम. सेंट लुईसमधल्या एका घरावरून हा खटला वर गेला आणि अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल ३ मे १९४८ला लागला. औंध विलीन झालं त्यानंतर दोन महिन्यांनी. स्वतंत्र, स्वावलंबी म्हणून जी वस्ती नावाजली गेली, तिच्या दारावरही कुणाला आत घ्यायचं नाही याची पाटी होती. भाच्याला आज ते घर घेता आलं, त्यामागे त्या खटल्यातल्या माणसांचे कष्ट आहेत, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं.

वाटणी

मग गावाने स्वावलंबी व्हायचं, ते कुणाला न बांधता कसं? याचं एक उत्तर आमच्याच तालुक्यात, येरळेच्या पात्रात आहे. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बळीराजा धरण बांधलं. पैसा उभा करायला नदीतली वाळू विकली. त्याहून मोठी गोष्ट पाण्याच्या वाटणीची. ज्याची जमीन त्याचं पाणी, ही रीत सोडून भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठेवला. इथे कोणी तराळ नेमावा लागला नाही. औंधच्या घटनेत जे कलम नव्हतं, ते या दोन गावांनी लिहिलं असं मी मानतो.

स्वतंत्रपूरलाही हजेरी असते. कैद्यांची असणारच. पण त्या हजेरीला मागे एक गुन्हा असतो, कोर्टाचा एक निकाल असतो आणि पुढे सुटकेची एक तारीख असते. वहीतल्या नावापुढे ती तारीख लिहिलेली असते. आजोबांच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.